कंबर छत्तीस, लांबी चोपन्न

"हात मशीनवर आणि कान ताईकडे! दोन कामं एकदम कशी करायची, ते माझ्याकडून शिका," असं टेलरमास्तर गिऱ्हाइकांना ऐकवायचे. खोटं नव्हतं ते. सोळा वर्षं थोरली बहीण रोज दुपारी फोन करायची आणि तिच्या दोन्ही सुनांच्या तक्रारी ऐकता ऐकता मास्तरांच्या शिवणी सरळ रेषेत पडायच्या.

त्या आठवड्यात मात्र काम गळ्याशी आलेलं. डोळे चुरचुरत होते, पाठीचा पार खुळखुळा झाला होता. त्यातच हेडसर शिवलेली पँट घालून बघायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोपसमारंभ होता आणि पँटचं कापड विद्यार्थ्यांनी भेट दिलेलं!

सर आडोशाला गेले. बराच वेळ नुसती धडपड ऐकू आली.

"मास्तर, ही घालायची की पांघरायची?"

"का हो सर?"

"खाली पाय सापडत नाहीत आणि वर बटण लागत नाही!"

मास्तरांनी वही उघडली. हेडसरांच्या नावाखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: कंबर छत्तीस, लांबी चोपन्न. मास्तरांना एकदम आठवलं. सरांचं माप घेताना ताई कानात खिडकीच्या पडद्याचं माप सांगत होती. "लिहिलंस ना?" तिने विचारलं होतं. "लिहिलं," असं हे म्हणाले होते!

बरं, चोपन्न इंची पाय जिराफाला शोभतात, हे कापताना तरी कळावं? पण तेव्हा कानात ताईच्या विहीणबाईंचं ऑपरेशन चाललं होतं.

"सर, तासभर बसा," मास्तर थकल्या आवाजात म्हणाले. त्यांनी फोन बंद केला, पायाकडचं जादा कापड कापलं आणि कंबरेला मागून जोड दिला. कोटाखाली तो दिसणार नव्हता. बटण लागलं. सरांनी आरशात पाहिलं, सावकाश श्वास सोडला आणि म्हणाले, "उद्या खाली मात्र वाकणार नाही!"

सर गेल्यावर मास्तरांनी मन घट्ट करून ताईला फोन लावला.

"ताई, राग मानू नकोस. शिवताना तू हवं तेवढं बोल. पण माप घेताना आणि कापताना फोन नको. डोकं एकच आहे गं, दोन्हीकडे पुरत नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. ताई दुखावली की काय!

"काय म्हणालास रे?" ताईने विचारलं. "मी मालिका बघत होते. रोज तुझ्याशी बोलताना लावलेलीच असते ना!"