वाकू नका, आई!

“सारखं त्याच कडेवर घेऊ नकोस गं बाळाला. आखडशील एक दिवस,” सासूबाईंनी बजावलं होतं. सुनेने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. बाळाची मान, बाळाची पाठ, बाळाचे पाय, सगळ्यांवर तिचं बारीक लक्ष. स्वतःलाही स्नायू असतात हे मात्र ती कॉलेजात शिकून विसरली होती. डावा खांदा वर, कंबर एका अंगाला, मान पुढे. भिंतीवरचं घड्याळ तिला कायम तिरकं दिसायचं, आणि जाता-येता ती ते सरळ करायची.

काळजी होती ती सासूबाईंची. या वयात वाकताना काही झालं तर? म्हणून तिने त्यांना खालच्या वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा आणून दिला होता. सासूबाई त्याने छताची जळमटं काढत.

त्या सकाळी बाळ रांगत पलंगाखाली शिरलं. मुठीत बाबाच्या शर्टाचं तुटलेलं बटण!

“अरे देवा, गिळेल हा!” सून पालथी पडून अर्धी पलंगाखाली गेली, हात लांबवला आणि कमरेपासून मानेपर्यंत काहीतरी करकचून आवळलं गेलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. बाळाला वाटलं, खेळच चाललाय. ते खिदळत आणखी कोपऱ्यात सरकलं.

“अरे, धाव! अडकलेय मी!”

नवरा कॉम्प्युटरसमोरून उठला तो खुर्चीत आलेला पाठीचा बाक अंगावर घेऊनच आला. “थांब, मी काढतो त्याला.” तो वाकला. बोटं कशीबशी गुडघ्यांपर्यंत पोचली. मांड्यांमागच्या शिरांनी पुढची परवानगी नाकारली. त्याने जोर लावला, तशी पाठीत उसण भरली.

“आई गं!”

आई खरंच आली.

“आई, तुम्ही वाकू नका!” सून पलंगाखालून ओरडली. “चिमटा घ्या, चिमटा!”

“चिमट्याने नातू ओढू होय?”

सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला. उकिडव्या बसल्या, हात टेकले आणि मांजरासारख्या सुनेच्या शेजारून आत गेल्या. ना सांधा कुरकुरला, ना तोंडातून उसासा निघाला. सुनेला मान वळवता येत नव्हती. ती नुसते डोळे फिरवून बघत राहिली.

“दाखव रे मूठ आजीला, लबाडा!”

बटण आजीच्या हातात आलं. बाळाने त्याऐवजी पायाचा अंगठा तोंडात घातला. एवढं जमणारी त्या घरात दोन माणसं असावीत, अशी सुनेला दाट शंका आली.

“आई, हे जमतं कसं हो तुम्हाला?”

“रोज जमिनीवर बसते, उठते, हातपाय ताणते. अंग नुसतं ठेवून दिलं की वाळत टाकलेल्या फडक्यासारखं कडक होतं गं.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोघांची शिकवणी घेतली. चिमटा मुलाच्या कॉम्प्युटरच्या टेबलाशी गेला. हळूहळू सुनेचे खांदे एका रेषेत आले, आणि एका सकाळी तिला दिसलं की घड्याळ चांगलंच तिरकं आहे.

“सांगायचं नाही का हो, आई?”

“मला वाटलं, तुला तसंच आवडतं.”

तुमच्याही घरात कुणी सकाळपासून खुर्चीतून हललं नसेल, किंवा बराच वेळ पलंगाखालून बाहेर आलं नसेल, तर जरा बघून या. पण वाकण्याआधी आजीला हाक मारा.