अधिकृत पहिलं पाऊल

माणूस चालायला लागतो ही घटना त्याच्या आयुष्यात एकदाच घडते, आणि दुर्दैवाने त्या वेळी तो स्वतः फारच लहान असतो. त्यामुळे या प्रसंगाची सगळी व्यवस्था घरातल्या जबाबदार मंडळींना पाहावी लागते. पूर्वी ही व्यवस्था अत्यंत ढिसाळ होती. मूल वाटेल तेव्हा उठायचं, वाटेल तिथे चालायचं, आणि घरचे लोक हातातली कामं टाकून नुसत्या टाळ्या पिटायचे. नोंद नाही, पुरावा नाही, प्रकाशयोजना तर नाहीच. आज माझ्या वयाची कितीतरी माणसं रस्त्याने बिनदिक्कत हिंडताना दिसतात, पण त्यांच्या पहिल्या पावलाचा एकही फोटो उपलब्ध नाही. ती रीतसर चालायला शिकली होती की नाही, याविषयी शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

माझ्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना, ही अनागोंदी पहिल्यापासून मान्य नव्हती. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहेत. दुकानदाराच्या वजनावर शिक्का नसेल तर ते वजनच नव्हे, मग ते कितीही जड असो, अशी त्यांची निष्ठा आहे. एकदा एका दुकानदाराच्या हातून असं बिनशिक्क्याचं वजन त्यांच्या अंगठ्यावर पडलं होतं. भाऊजी कळवळले, पण अहवालात त्यांनी ‘पायावर काहीही पडले नाही’ असंच लिहिलं.

अशा माणसाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. ती पाळण्यातसुद्धा एका जागी राहीना, म्हणून आजीने, म्हणजे भाऊजींच्या आईने, तिला ‘भिंगरी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. भाऊजींनी लगोलग कॅमेरा घेतला आणि पाळण्यासमोर ट्रायपॉड उभा केला. कॅमेऱ्यासाठी लेन्स, लेन्ससाठी काच, काचेसाठी फडकं, फडक्यासाठी डबी, आणि या सगळ्यांसाठी एक बॅग. बॅगेत बाळाची दुपटी ठेवायला वेगळा कप्पा होता. हल्ली त्यात चार्जर असतात, आणि दुपटी ताईच्या पर्समध्ये.

लेन्स मात्र खास होती. दूरच्या झाडावरचे पक्षी टिपण्यासाठी ती बनवलेली होती. “साहेब, लहान मुलं म्हणजे तरी काय, पाखरंच की!” असं दुकानदार म्हणाला आणि भाऊजींना ते मनापासून पटलं. या लेन्सला जवळचं दिसत नाही. (भाऊजींच्या मते हा दोष नसून बाणा आहे.) समोरची व्यक्ती निदान बैठकीच्या खोलीइतकी लांब असेल, तरच ती लेन्स तिची दखल घेते. जवळ आलेल्या माणसाला ती अजिबात ओळख देत नाही.

फोनमधल्या अ‍ॅपविषयी काय सांगावं! एक अ‍ॅप सूर्य कुठे आहे ते सांगतं. (सूर्य खिडकीतूनही दिसतो, पण तिथे तो नुसताच दिसतो, टक्केवारी देत नाही.) दुसरं अ‍ॅप आभाळ बदलून देतं. तिसरं चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काढतं. ते भिंगरीच्या फोटोवर चालवल्यावर त्याला सुरकुती सापडेना. आल्यासरशी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने तिचं नाक काढलं. चौथं अ‍ॅप, पहिल्या तीन अ‍ॅपमुळे फोन मंद झाला आहे, असं दर तासाला कळवतं. या सर्वांच्या सहकार्याने आजवर जमलेल्या फोटोंपैकी निम्मे नव्या सामानाच्या खोक्यांचे आहेत, पाव भाग टेडी अस्वलाचे (चाचणीसाठी), बाकीचे, तो बिननाकाचा एक सोडून, भाऊजींच्या अंगठ्याचे. भिंगरीचे नाकासकट फोटो अजून यायचे आहेत, कारण घाई करून चालत नाही.

घाई केली ती भिंगरीनेच. एका सकाळी ती स्टुलाला धरून उभी राहिली, स्टूल सोडलं आणि एक पाय उचलला. नेमका त्याच वेळी फोन अपडेट होत होता.

“थांब!” भाऊजी ओरडले. आजीने झडप घालून नातीला खाली बसवलं. पाऊल हवेतल्या हवेत रद्द करण्यात आलं.

त्या दिवसापासून घरात चालण्याला तात्पुरती स्थगिती मिळाली. भाऊजींनी सगळ्यांना समोर बसवून कामं वाटून दिली. आजीकडे बसवणे विभाग: मूल उठलं की ‘थांब’ म्हणायचं आणि खाली बसवायचं. ताईकडे वेशभूषा, म्हणजे पिवळा फ्रॉक सदैव इस्त्री केलेला तयार ठेवायचा. मी वरच्याच मजल्यावर राहतो आणि सख्खा मामा आहे, त्यामुळे प्रकाश विभाग माझ्याकडे आला. नव्या फ्रीजच्या खोक्यातून निघालेला थर्मोकोलचा तक्ता खिडकीजवळ धरून उभं राहायचं, की उजेड बाळाच्या गालावर पडतो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. बायको घरी मला याहून हलकी कामं सांगते.

“अरे, चालू दे की तिला,” आजी पहिल्या दिवशी म्हणाली. “पाय तिचे आहेत.”

“आई, पाय तिचे आहेत, पण क्षण आपल्या सगळ्यांचा आहे,” भाऊजी म्हणाले. आजीने नातीला खाली बसवलं.

आता मुलांची जात अशी, की कायदा झाला की त्यांना लगेच पळवाट सापडते. एके दुपारी ताई जिन्यात मला गाठून कुजबुजली, “चालली रे! ओट्यापासून फ्रीजपर्यंत. माझ्याकडे बघून हसली पण.”

“भाऊजींना सांगितलंस?”

“वेडा आहेस का? त्यांना पहिलं पाऊल बघायचंय. हे झालंच नाही असं समज.”

मी समजलो. मला सोपं गेलं, कारण आदल्याच दिवशी भिंगरी माझ्या घरी कपाटापासून पलंगापर्यंत चालली होती आणि तेही झालंच नव्हतं. पुढे कळलं, की आजीसमोर ती दोनदा चालली होती, आणि तिला सांभाळायला येणाऱ्या मावशींकडे तर रोज फेऱ्या घालत होती. प्रत्येकाने आपापलं पहिलं पाऊल पोटात ठेवलं होतं. बाप बाहेरून आला की मूल गुपचूप खाली बसायचं. ‘थांब’ म्हणायचीही गरज उरली नव्हती. भाऊजींच्या बुटांचा आवाज जिन्यात आला तरी पुरायचं.

अशी शिस्त लागलेली असतानाच भाऊजींना खात्याचा हुकूम आला. सोमवारी तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला निघायचं, दुसऱ्या शहरात. इलेक्ट्रॉनिक काट्यांवर कसा संशय घ्यावा, असा काहीतरी विषय होता.

ताई त्या दिवशी वर आली आणि माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून चक्क रडली. “मला फोटो नको रे,” ती म्हणाली. “तिनं एकदा यांच्याकडे चालत जावं, यांनी तिला उचलावं, एवढंच बघायचंय मला. परत येतील तेव्हा ती पळायला लागली असेल.” मी तिला धीर दिला. रविवारचा उजेड एक्क्याण्णव टक्के आहे असं अ‍ॅपने कळवल्याचंही सांगितलं. तिने डोळे पुसले आणि मला मूर्ख म्हटलं.

रविवारी सकाळी बैठकीची खोली रिकामी केली. सोफा गॅलरीत गेला, आजीची खुर्ची न्हाणीघरात. खोलीच्या मध्यावर, पण वाटेत येणार नाही असा जरा कडेला, ट्रायपॉड उभा राहिला. त्याच्या डोक्यावर फोन, आणि फोनखाली एक फिरतं चाक. माणसाचा चेहरा आपोआप हेरायचा आणि तो जाईल तिकडे वळत राहायचं, असं त्या चाकाचं ब्रीद होतं. पलीकडच्या भिंतीपाशी पिवळ्या फ्रॉकमध्ये भिंगरी, शेजारी आजी. अलीकडे उघड्या दारात गुडघे टेकून भाऊजी, डोळ्याला लांबलचक लेन्स. खिडकीपाशी मी आणि थर्मोकोल. ताई मध्ये कुठेच नव्हती, कारण मध्ये यायचं नव्हतं.

“सोडा तिला!” भाऊजींनी हुकूम दिला.

आजीने हात काढला. भिंगरीने समोर दारात बसलेल्या बापाकडे पाहिलं आणि शहाण्या मुलीसारखी खाली बसली.

“असं काय करतेय? रोज तर उठायला बघत असते!”

“जा गं, बाबाकडे जा,” ताई हळूच म्हणाली.

“आवाज नको! व्हिडिओत येतो!”

मग सगळे चिडीचूप झाले. भिंगरीने एकेकाच्या तोंडाकडे पाहून घेतलं. कुणीच ‘थांब’ म्हणत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू फुटलं की माझ्या हातातला तक्ता हलला. ती उठली. दोन्ही हात पुढे करून बापाकडे चालायला लागली, धडपडत, झोकांड्या खात, आणि आपल्याच धिटाईवर खिदळत.

दोन पावलं ठीक गेली. तिसऱ्या पावलाला ती लेन्सच्या हद्दीच्या आत आली. भाऊजी तत्परतेने मागे सरकले, दारातून पॅसेजमध्ये. ती पुढे आली, ते आणखी मागे, शेजाऱ्यांच्या दाराशी. शेजारीण भाजीची पिशवी घेऊन वर येत होती, तिला त्यांनी हाताने जागीच उभं केलं. ती पुढे, ते मागे, थेट लिफ्टला पाठ टेकेपर्यंत. “येऊ दे, येऊ दे... अरे, फारच जवळ आली! धूसर होतेय!”

भिंगरी उंबऱ्याशी आली आणि थबकली. ज्या जागी बाप होता तिथे आता नुसती फरशी होती. तिने फरशीकडे पाहिलं, पॅसेजच्या टोकाशी असलेल्या त्या काळ्या नळीकडे पाहिलं. मग वळली, खोलीत परत आली, ट्रायपॉडच्या एका पायाला घट्ट मिठी मारली आणि वर फोनकडे बघून म्हणाली, “बाबा.”

हा तिचा पहिला शब्द. आणि त्यात तिची काही चूक झाली असं मला वाटत नाही. जन्मल्यापासून तिच्यासमोर न कंटाळता उभा राहणारा, आणि ती जवळ आली तरी मागे न हटणारा, असा घरात तोच एक होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला भाऊजींचा असा राग आला की थर्मोकोल त्यांच्या डोक्यात घालावा. पण थर्मोकोलने लागत नाही.

“दिसत नाहीये मला! गेली कुठे?” लिफ्टकडून आवाज आला. “कुणाशी बोलतेय ती?”

ताईने लेकीला ट्रायपॉडपासून सोडवून उचललं आणि आत घेऊन गेली. भाऊजींना लेन्समध्ये काहीच मिळालं नव्हतं, पण ते नाउमेद झाले नाहीत. फोनने सगळं टिपलंच होतं. अ‍ॅपने स्वतःहून काटछाट केली, संगीत लावलं, ‘आमच्या परीचं पहिलं पाऊल’ असं नाव दिलं आणि व्हिडिओ सगळ्या आप्तेष्टांना पाठवूनही टाकला. बघण्यात माणसाचा वेळ जाऊ नये, ही त्यातली सोय आहे. सोमवारी भाऊजी समाधानाने प्रशिक्षणाला गेले.

व्हिडिओ मी पाहिला. त्यात ताईच्या बैठकीतला स्विचबोर्ड आहे. सॉकेट उलटं बसवलेलं: दोन भोकं डोळ्यांसारखी, खाली तिसरं तोंडासारखं. खोलीत इतका स्थिर आणि रडका नसलेला दुसरा चेहरा नसल्याने अ‍ॅपने तोच हेरला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्यावरून नजर हलवली नाही. मागे सतार आहे. मध्ये एकदा स्विचबोर्डावरचा चुन्याचा डाग हळुवारपणे नाहीसा होतो.

“किती गोड!” असं पहिल्याच मिनिटाला एका काकांनी कळवलं. “अगदी बापावर गेलीय,” एक आत्या म्हणाली. “नाही हं, डोळे आईचे,” दुसरी म्हणाली. नात्यातल्या एका डॉक्टरांनी, रंग जरा पांढुरका वाटतो, लोह तपासून घ्या, असा सल्ला दिला. भाऊजी तिकडून एकेकाचे आभार मानताहेत. त्यांनीही व्हिडिओ अजून पाहिलेला नाही, आणि ताई म्हणाली, सांगू नकोस.

मीही सांगितलं नाही. पण कौतुक करणाऱ्या त्या सगळ्या मंडळींत तुम्हीही आहात, म्हणून तुम्हाला तेवढं सांगतो. आठवत नाही म्हणता? साहजिकच आहे, त्या दिवशी तुम्ही अशा बऱ्याच बाळांना अंगठे दिले असतील. आम्हाला मात्र अंगठ्याबरोबर दोन शब्दही लिहिलेत: “डोळ्यांत पाणी आलं.”