ताऱ्याची अर्धी नोंद

"गिरणी उघडत नाही, म्हणून आता आकाशात बदली कामगार लागलाय," नळावर परबकाकी म्हणाल्या. सगळ्या बायका हसल्या. मी बादली भरेपर्यंत मान वर केली नाही. बोलणं तावडेकाकांबद्दल होतं आणि ते मागे जिन्यातच उभे होते.

तावडेकाका लालबागच्या आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहायचे. बावीस वर्षं गिरणीत माग चालवलेला माणूस. समोरच्याचा शर्ट चिमटीत धरल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. माझ्या ताईला बघायला आलेल्या मुलाची बाही त्यांनी अशीच धरली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "दोन धागे गेलेत. दुकानदारान फसवल्यान तुका." नकार आला. काकांना काही वाटलं नाही. "कापड बघून घेता येत नाय, तो पोरगी काय बघतलो?"

गिरण्यांचा संप लांबला तशी तावडेकाकी मुलांना घेऊन गावी गेली, ती तिकडेच राहिली. काका गेले नाहीत. गिरणी उघडली तर दारात पहिला मी हवा, म्हणायचे. त्या रिकाम्या महिन्यांत त्यांनी गच्चीवर एका पिंपावर काच ठेवून, त्याभोवती फिरत ती घासून दुर्बिणीचा आरसा केला आणि दुर्बीण जुळवली. रविवारी दादरला आकाश बघणाऱ्यांच्या मंडळात जाऊन मागच्या बाकावर बसायचे. तिथली पत्रकं इंग्रजीत असत, आणि चाळीत इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी. वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

एका पत्रकात होतं: फार लांबच्या ग्रहाचा एक छोटा चंद्र एका ताऱ्यासमोरून जाणार आहे. चंद्र आपल्याला दिसणारसुद्धा नाही. तारा मात्र काही सेकंद विझेल. तो कधी गेला आणि कधी परत आला, या दोन वेळांवरून चंद्र केवढा आहे ते काढता येतं.

काकांनी ते तीनदा वाचायला लावलं. "म्हणजे ह्या आमचाच काम," ते म्हणाले. "गेलेलो धागो पकडूचो."

पत्रकात दिलेल्या दिवशी दिवेलागणीनंतर मी गच्चीवर घड्याळ आणि वही घेऊन बसले. काका दुर्बिणीला डोळा लावून. बराच वेळ काही नाही.

"तारो गेलो!"

मी वेळ लिहिली. तेवढ्यात काकांचा उजवा हात झटकन पुढे गेला, धागा तुटल्यावर माग थांबवायचा दांडा ओढायला जातो तसा, आणि दुर्बिणीवर आदळला. नळी फिरली. तारा पुन्हा सापडला तेव्हा तो शांतपणे चमकत होता.

काका हाताकडे बघत राहिले. "बावीस वर्सां ह्येका एकच शिकवलंय. धागो गेलो की थांबव." मग म्हणाले, "गिरणी बंद झाली, ता ह्येका कोण सांगतलो?"

खाली उतरताना म्हणाले, "लिही, ढग होते."

मंडळाला द्यायच्या कागदावर मी तसं लिहून दिलं.

रविवारी मीही बरोबर गेले. मंडळाच्या सेक्रेटरींनी कागद वाचून भुवया उचलल्या. "लालबागला ढग? इथे दादरला तर आकाश स्वच्छ होतं."

"त्यांच्याकडे आकाशाचाही संप असेल," कोणीतरी म्हणालं. खोलीभर हशा झाला. काकाही हसले, सगळे हसतात म्हणून.

वर्गात कधी हात वर न केलेली मी उभी राहिले.

"ढग नव्हते," मी म्हणाले. "तारा गेला तो काकांनी पाहिला. वेळ माझ्या वहीत आहे. परत आला ते दिसलं नाही, कारण तेव्हा काका माग थांबवत होते."