काचेमागचं लेचोन

रविवारी सकाळी क्लेतो आपल्या सतरा वर्षं जुन्या गाडीच्या मागे उकिडवा बसून मागच्या काचेची कडी दुरुस्त करत होता. गाडी उंच, दांडगी, सात माणसांची. तिचा मागचा दरवाजा केव्हाच गंजून कायमचा मिटला होता. पण दरवाज्यावरची काच वेगळी वर उघडायची आणि सगळं सामान तिथूनच आत जायचं. अलीकडे तिची कडीही धरत नव्हती. खड्डा आला की काच भसकन वर जायची. सेलिंग होती तेव्हा ती काचेवर एक चापट मारायची आणि कडी बसायची. नेमकी कुठे मारायची, हे क्लेतोनं बायकोला कधी विचारलं नव्हतं. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. तेवढ्या काळात त्यानं काचेवर सगळीकडे चापटा मारून पाहिल्या होत्या.

आज मात्र कडी धरायलाच हवी होती. मुलासाठी, जेर्विनसाठी, मुलगी मागायला जायचं होतं. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरची पायरी चढायची, जेवण आपणच न्यायचं आणि बापानं तोंड उघडून मुलगी मागायची, अशी रीत. जेवण म्हणजे कोळशावर आख्खं भाजलेलं डुक्कर, लेचोन. ते काचेतून निसटून रस्त्यावर पडलं असतं, तर लग्नही तिथेच पडलं असतं.

"तातय, गॅरेजवाल्याला दाखवू या ना," जेर्विन बापाला म्हणाला.

"एवढ्याशा कडीला गॅरेज? बापाला समजतोस काय तू?"

जेर्विन शर्टाला इस्त्री करायला आत गेला.

क्लेतोनं जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापला आणि चपलांच्या गोंदानं कडीत चिकटवला. गोंदाच्या ट्यूबवर लिहिलं होतं, एक दिवस वाळू द्या. त्यानं दहा मिनिटं दिली. घाईतल्या माणसाला थोडी सूट असणारच, असं त्याला वाटलं.

लेचोन भाजणाऱ्या भट्टीवर गेल्यावर तिथल्या दोघांनी ते काचेतून आत सरकवलं. ज्यावर ते भाजलं होतं त्या बांबूचं एक टोक पुढच्या दोन सीटांच्या मधून गिअरपर्यंत आलं. क्लेतोनं काच लावली. टक! असा आवाज गेल्या चौदा महिन्यांत आला नव्हता. मुलीच्या गावापर्यंत, बाऊआनपर्यंत, एकही खडखड नाही. क्लेतो इतका खूश झाला, की सेलिंगला सांगायला शेजारच्या सीटकडे वळला. तिथे इस्त्रीच्या शर्टात, बांबूपासून कोपर वाचवत जेर्विन बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही. कडी धरलीय, एवढंच."

मग तो मनात भाषण घोकू लागला. अशा ठिकाणी बोलायचं काम सेलिंगचं. त्याचं काम जेवायचं, आणि ते तो कधी चुकला नव्हता.

मुलीचे वडील ओनोफ्रे फाटकात उभे होते. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस. सगळी आळी त्यांना चीफ म्हणायची. ते हसले नाहीत. वर खिडकीत त्यांची बायको पिलार आणि मुलगी मायलीन. आत टेबलावर केळीची पानं पसरलेली आणि वीस-एक नातेवाईक ताटकळलेले.

क्लेतोनं काचेचं हँडल ओढलं. काच हलली नाही. पुन्हा ओढलं. मग सेलिंगची आठवण काढून चापट मारली. मग दोन. गरम लेचोनच्या धगीनं रबर वितळलं होतं, गोंद पक्का बसला होता आणि कडीला आता आपली जागा सोडताच येत नव्हती. काचेवर आतून वाफ धरली होती.

"कातडी मऊ पडेल हो!" वरून पिलार ओरडली. कुरकुरीत कातडीसाठी तर लेचोन. ती मऊ पडली की ते नुसतं उकडलेलं डुक्कर.

"बाजूच्या दारातून काढा," ओनोफ्रे म्हणाले.

काढून पाहिलं. सहा फुटी बांबू आत वळेना. क्लेतो सीटवरून मागे रांगत गेला, तर डुकराच्या कानात त्याच्या कमरेचा पट्टा अडकला.

"तातय, बाहेर या."

"येतो. म्हणजे, येईन असं वाटतंय."

जेर्विननं पाय धरून त्याला ओढून काढलं. भाषणाचा कागद खिशात होता. तो तेलानं पारदर्शक झाला.

"काच फोडतो," क्लेतो म्हणाला.

"आणि काचा खायच्या? व्हा बाजूला." ओनोफ्रेंनी बाह्या सरसावल्या आणि हत्यारांची पेटी आणली. "हे कुणी केलं?"

"मीच. दुसरा कोण इतकं बिघडवू शकेल?"

"चप्पल घातलीय कडीत!"

"हो. दुसरी घरी आहे, हवी असेल तर."

ओनोफ्रेंनी तोंड वळवलं. हसू लपवायला की राग, ते कळलं नाही. "जेर्विन, आतून बांबू धरून ठेव," असं म्हणून त्यांनी मोठा पाना लावला आणि जहाजाचा बोल्ट असावा तसा जोर दिला. कट्! हँडल मुळापासून तुटून त्यांच्या हातात आलं.

गाडीच्या मागे दोघं म्हातारे त्या हँडलकडे पाहत राहिले.

"क्लेतो," ओनोफ्रे अगदी हळू म्हणाले, "तुमचं काम काय होतं आज?"

"मुलगी मागायचं. बायको असती तर नीट बोलली असती. मला एवढंच येतं, की आमचा पोरगा चांगला आहे आणि घरात आम्ही दोघंच उरलोय. मायलीन आली तर घर पुन्हा घरासारखं होईल."

ओनोफ्रेंनी खिडकीकडे पाहिलं. "माझ्याकडून दिली. पण बायकोनं विचारलं तर हे हँडल तुम्ही तोडलंत."

"मीच तोडलं. सकाळपासून तेच करतोय."

पिलार मोठा सुरा घेऊन खाली आली. "काय मोडलं?"

"हँडल. माझ्या हातून," क्लेतो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या हातातल्या हँडलकडे. "तेहतीस वर्षं मी यांच्या हातून मोडलेल्या वस्तू ओळखते. आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कान बघा, किती लाल झालेत. मुलगाही तुमच्यासारखाच का?"

"दुर्दैवानं," क्लेतो म्हणाला.

"मग ठरलं." तिनं सुरा त्याच्या हातात दिला. "आता आत शिरा आणि तिथेच कापा. आख्खं टेबलावर मांडायचं होतं मला, पण राहू दे."

क्लेतो पुन्हा रांगत आत गेला आणि गुडघ्यांवर बसून कापू लागला. बाजूच्या दारातून थाळ्या आत यायच्या, भरून बाहेर जायच्या. कातडीचा पहिला तुकडा त्यानं ओनोफ्रेंना दिला आणि पाहत राहिला.

ओनोफ्रेंनी बराच वेळ चावलं.

"मऊ पडलीय," ते म्हणाले. "परक्यांकडून आली असती तर परत पाठवली असती." आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.