आप्पा सुर्व्यांचं ‘डू द नीडफुल’

आमचे शेजारी आप्पा सुर्वे ‘डू द नीडफुल’ सहजासहजी कुणाला देत नसत.

सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेले आप्पा निवृत्तीनंतर येईल त्याचे इंग्रजी अर्ज लिहून देत, बदल्यात चहासुद्धा न घेता. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या रत्नागिरीत असा समज होता, की अर्जाच्या शेवटी हे शब्द पडले की साहेब ताडकन उठून कामाला लागतो. काहीजण तर ते दोनदा घालायचा आग्रह धरत.

पावसचा एक बागायतदार असाच आला. “अडचण हाय वो आप्पा, तेवढं नीडफुल घाला.”

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. “मेल्या, नीडफुल म्हणजे जरूर ते. जरूर काय, ते आधी सांग. साहेब काय मनकवडा आहे?”

मग विहीर कुठे, पंप केवढा, विजेचा खांब कुणाच्या कुंपणाच्या दगडी गडग्याला चिकटून हवा, सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं. अर्ज झाल्यावर आप्पांनी तो मोठ्याने वाचला. बागायतदाराबरोबर आलेली मंडळी ओटीवर हात जोडून ऐकत होती. शेवटचं ‘डू द नीडफुल’ येताच, देवळात गाऱ्हाण्याला म्हणतात तसं सगळे एका सुरात म्हणाले, “व्हय महाराजा.”

मला हसू आवरेना. आप्पा मात्र गंभीर. “बरोबर आहे त्यांचं. देवाकडेसुद्धा आपण काय हवं ते नीट सांगून मागतो.”

खांब आला. ‘आमचे आप्पा’ म्हणून आळीभर आम्ही छाती फुगवून हिंडलो.

पुढे आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा पूर्वीच गेलेला, म्हणजे प्रश्न उरलेल्या एकाचा. त्यांची बायको, आमची काकी, वारल्यापासून घरात ते एकटेच. मुलगा विजय मुंबईला.

“विजयला कळवलंत?” मी विचारलं.

“ऑपरेशन आहे एवढं कळवलंय. शहाणा आहे तो, योग्य ते करील.”

“पण ये म्हणालात का?”

“त्याला रजा मिळायची नाही. उगाच कशाला.”

“आप्पा, तो मनकवडा आहे का?” माझ्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा टोपी घालून माझ्या दारात उभे. आमच्या फोनवरून मुंबईला ट्रंककॉल लावायचा होता. तो लागायला दुपार झाली. रिसीव्हर कानाला लावून त्यांनी घसा साफ केला, “विजय, विथ रेफरन्स टू...” अशी सुरुवात केली आणि अडखळले. मी मान खाली घातली.

“विजू, मला भीती वाटते रे,” आप्पा म्हणाले. “तू ये.”

त्यांच्या सगळ्या अर्जांचा मला अभिमान होताच, पण त्या क्षणी वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.

“विजू रात्रीच्या एस्टीने निघतोय,” रिसीव्हर ठेवून ते म्हणाले. मग टोपी काढून तिनेच डोळे पुसले, दिसणारा आणि न दिसणारा, दोन्ही.