चौथा मार्ग: सौम्य

माणसाची खरी पारख चढावर होते, सपाट रस्त्यावर सगळेच शूर असतात, असं पर्यटन कार्यालयातल्या नकाशेवाल्यांचं ठाम मत होतं. हे मत बनून अजून महिनाही झाला नव्हता, आणि त्याआधी शाळा सुटल्यापासून त्यांनी सायकलला हात लावला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

झालं होतं असं. गावाबाहेरच्या शांत रस्त्यांवरून जाणाऱ्या सायकलमार्गांची एक छोटी पुस्तिका कार्यालय काढणार होतं. मार्ग आखायचे, नकाशे काढायचे आणि प्रत्येकासमोर ‘सौम्य’, ‘मध्यम’ किंवा ‘कठीण’ असा शेरा मारायचा, हे काम नकाशेवाल्यांचं. शेरा टेबलाशी बसून मारायचा नाही, स्वतः सायकलने जाऊन मारायचा, असा साहेबांचा दंडक. त्यालाही कारण होतं. मागे एका सहकाऱ्याने न बघताच एका तळ्याला ‘पोहण्यास उत्तम’ म्हटलं होतं. तळ्यात कमरेएवढा चिखल निघाला. तो सहकारी तेव्हापासून तळघरातल्या तक्रार कक्षात बसतो आणि दिवसभर फोनवर ‘हो, हो, बरोबर आहे तुमचं’ एवढंच म्हणतो. नकाशेवाल्यांची जागा वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडकीशी. तिरपं टेबल, भरपूर उजेड, पेन्सिली स्वतःला हव्या तशा लावलेल्या. या टेबलावरून उठवलं तर आपण जगणार नाही, असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटे.

म्हणून त्यांनी मेहुण्याची सायकल मागून आणली. तीन मार्ग नदीकाठाने जाणारे, सपाट. त्यांचा प्रश्नच नव्हता. चौथा मात्र टेकड्यांमधून वळणं घेत माथ्यावर जातो. नकाशेवाले जरा भीतभीतच निघाले आणि बघतात तर काय, चढ कसला तो! पायडल नुसतं हलवायचं, की सायकल आपली वर. माथ्यावर पोचले तेव्हा ते चक्क गुणगुणत होते. घरी येऊन त्यांनी शेरा मारला: ‘सौम्य’.

त्या दिवसापासून माणूस बदलला. घरात अर्ध्या चड्डीत वावरू लागला. कार्यालयातल्या शिपायाला जिन्यात गाठून श्वास कसा घ्यावा ते शिकवू लागला. रोज सकाळी कपाटाच्या आरशासमोर पोटरी वळवून बघणं तर ठरलेलंच.

“अहो, पुरे आता,” बायको म्हणे. “तेवढ्याने ती मोठी होत नाही.”

“तुला नाही कळायचं. काही शरीरं उशिरा फुलतात.”

बायको काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची.

पुस्तिका छापायला जाण्याच्या बेतात असताना साहेबांनी बोलावलं.

“नकाशेवाले, चौथा मार्ग सौम्य म्हणता ना तुम्ही?”

“लोण्यासारखा, साहेब.”

“मग रविवारी आपण दोघं जाऊन येऊ. मुलीने सायकल घेऊन दिलीय, ती नुसती व्हरांड्यात उभी आहे. सही करण्याआधी एक तरी मार्ग मी डोळ्यांखालून घालावा म्हणतो.”

“जरूर! आणि अजिबात काळजी करू नका, साहेब. मी तुमच्या वेगानेच येईन.”

शनिवारी ते मेहुण्याकडे गेले, तर तो सायकलसकट सासुरवाडीला गेलेला. नकाशेवाल्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. शेजारच्या शिंप्याची सायकल त्यांनी मागून आणली आणि दारात उभी केली. ती बघून बायकोचा चेहरा उतरला.

“हिच्यावरून जाणार? त्या टेकडीवर?”

“सायकल कुठलीही असो गं. वर बसतो कोण, ते महत्त्वाचं.”

“मी काय म्हणते, कंबर धरली म्हणून कळवा ना साहेबांना. ताप आला म्हणा. मला ताप आला म्हणा!”

“छे! मी आणि माघार?”

रविवारी सकाळी दोघं निघाले. साहेबांच्या डोक्यावर नवंकोरं शिरस्त्राण होतं आणि त्याची किमतीची चिठ्ठी मागे तशीच लोंबत होती. पुलापर्यंतचा रस्ता गुळगुळीत, दोन्हीकडे शेतं, कुंपणाशी उभ्या गाई, गाडी अशी एकही नाही. नकाशेवाले साहेबांना श्वासाचं शास्त्र समजावून सांगत होते. पूल ओलांडला, रस्ता हळूच वर वळला आणि श्वासाचं शास्त्र वाक्याच्या मध्यावर थांबलं.

सायकल पुढे जाईना. मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. ब्रेक चाकाला घासत असणार, असं म्हणून नकाशेवाले उतरले, चाक उचलून फिरवलं. चाक मस्त फिरत होतं. ‘घरी एक निरोप द्यायचा राहिला’ असं सांगून ते झाडामागे गेले आणि त्यांनी बायकोला फोन लावला.

“अगं, या सायकलला काहीतरी झालंय. चढतच नाही.”

बायको म्हणाली, “तिला काही झालेलं नाही. आधीचीला होतं.”

“काय होतं?”

“मोटर.”

“काय?”

“छोटीशीच हो. आतल्या आत बसवलेली. दिसतसुद्धा नाही.”

“आणि ते हिरवं बटण? तुझा भाऊ म्हणाला, ते दिव्याचं आहे, बंद करू नका!”

“त्याला मीच तसं सांगायला लावलं. खरं सांगितलं असतं तर बसला असतात का तुम्ही? मोटर म्हणजे माझा अपमान, म्हणाला असतात. आणि मग मी तुम्हाला कुठल्या खड्ड्यातून उचलून आणायचं?”

“अगं, पण मी शेरा मारला ना ‘सौम्य’ म्हणून!”

“तो मला विचारून मारलात का?”

तळघरातली तक्रार कक्षाची खोली नकाशेवाल्यांच्या डोळ्यांसमोर आली. तिला खिडकी नव्हती. साहेब मात्र रस्त्यात सायकल धरून शांतपणे उभे होते.

“झालं बोलून? काही घाई नाही. आणखी कुणाला फोन करायचा असेल तर करून घ्या.”

आता एकच उपाय होता: साहेबांच्या लक्षात न येऊ देता थांबत राहायचं. पहिल्या वळणावर नकाशेवाले उतरून म्हणाले, “साहेब, इथून खोरं फार सुंदर दिसतं.”

“थांबू या की,” साहेब ताबडतोब उतरले. “अशा गोष्टी घाईने बघू नयेत.”

पुढे नकाशेवाल्यांच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधून झाल्यावर दुसरीही सुटली. मग त्यांना रस्त्याची रुंदी पावलांनी मोजावीशी वाटली. साहेब म्हणाले, “पुन्हा एकदा मोजा. कागदोपत्री काम चोख हवं.” हातात हात घालून फिरायला निघालेलं एक म्हातारं जोडपं मागून आलं आणि त्यांना ओलांडून पुढे गेलं.

“सायकली बिघडल्या का?” आजीबाईंनी विचारलं.

“नाही, पाहणी चाललीय,” साहेब म्हणाले.

“असं होय,” आजोबा म्हणाले. “आम्हाला वाटलं, दमलात.”

यानंतर थोडं अंतर दोघं मुकाट्याने सायकली हातात धरून चालले. नकाशेवाल्यांना कारण काय द्यावं सुचत नव्हतं आणि साहेब विचारत नव्हते. माथा अजून लांब होता. शेवटी साहेबांनी सायकल गवतावर आडवी घातली, स्वतःही तिच्याशेजारी आडवे झाले आणि आभाळाकडे बघत म्हणाले, “नकाशेवाले, एक विचारतो. तुम्ही हा चढ न उतरता चढलात?”

“हो, साहेब.”

“गुणगुणत, म्हणाला होतात.”

“हो... थोडंसं.”

साहेबांनी डोळे मिटले. “मग माझं काही खरं नाही. तुम्ही माझ्यासाठी थांबत होतात, ते का मला कळलं नाही? नाड्या काय, रुंदी काय! थोर मनाचे आहात. पण सौम्य चढावर माझी छाती अशी भात्यासारखी हलतेय, म्हणजे आत काहीतरी बिनसलंय. घरी कुणाला बोलू नका. मुलगी घाबरेल. उद्या गुपचूप डॉक्टरकडे जातो आणि म्हणतो, रजेचा अर्जच टाकावा. मोठ्या रजेचा.”

गप्प बसलं तर टेबल वाचत होतं, खिडकी वाचत होती, पेन्सिलीही वाचत होत्या. त्यासाठी फक्त एका माणसाने स्वतःला आजारी समजायला हवं होतं. नकाशेवाल्यांनी दोनदा खाकरून बघितलं. मग एका दमात म्हणाले, “साहेब, त्या सायकलला मोटर होती.”

साहेबांनी एक डोळा उघडला.

“मला माहीत नव्हतं, साहेब. आत्ता फोनवर कळलं. बायकोने आणि मेहुण्याने मिळून... मी तुमच्यासाठी थांबत नव्हतो. मला पुढे जाताच येत नव्हतं.”

“म्हणजे,” साहेब हळूहळू उठून बसले, “हा चढ सौम्य नाही?”

“भयंकर आहे, साहेब.”

“आणि तुम्हालाही धाप लागलीय?”

“मगाशी झाडामागे मी झाडाला धरून उभा होतो.”

“म्हणजे मी ठणठणीत आहे!”

“माझ्यापेक्षा तरी नक्कीच.”

साहेबांनी शिरस्त्राण काढून हवेत फेकलं, नकाशेवाल्यांचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले. कार्यालयात इतक्या वर्षांत त्यांनी कुणाशी हातसुद्धा मिळवला नव्हता.

“उद्यापासून तळघरात बसतो मी, साहेब,” नकाशेवाले खाली बघत म्हणाले.

“वेडे की काय! तिथे दुसरी खुर्ची कुठाय? आणि पाहणी करूनच शेरा मारायचा ना? मग ही पाहणीच झाली. घ्या लिहून: कठीण.”

“‘अतिकठीण’ म्हणू या का?”

“म्हणू या! घरी सांगताना बरं पडतं.”

जीव भांड्यात पडला तशी दोघांनाही भूक लागली. माथ्यावर जायचा विषय कुणी काढला नाही. सायकली वळवून ते उतारावर निघाले. पायडल न मारता थेट पुलापर्यंत, वारा कानात भरून घेत. साहेब मोठ्याने गात होते आणि नकाशेवाले खालच्या पट्टीत साथ देत होते. सोमवारी शेरा बदलला, साहेबांनी त्यावर झोकदार सही केली आणि पुस्तिका छापखान्यात गेली.

ती वेळेवर छापून आली. शेवटच्या पानावर जागा कमी पडल्यामुळे छापखान्याने चौथा मार्ग गाळला होता.