पहाटे साडेपाचचा अर्ज

तळोद्याच्या प्रवेश सुविधा कक्षाची कार्यालयीन वेळ सकाळी दहा ते सायंकाळी सहा आहे. या वेळेत कर्मचारी हजर असतीलच असं नाही, पण अर्ज मात्र याच वेळेतले ग्राह्य धरले जातात.

फुलवंताबाई डोंगरातल्या पाड्यावरून जीपने इथे आल्या, कारण त्यांच्या मुलीचं, रिनाचं नाव वसतिगृहाच्या यादीत नव्हतं. वसतिगृह नाही म्हणजे अकरावी नाही, आणि अकरावी नाही म्हणजे रिना यंदा आईबरोबर ऊसतोडीला. अर्ज तर शेवटच्या दिवशी अकरा वाजता इथेच भरला होता. छपाईयंत्रात शाई नव्हती, म्हणून पावती तेवढी मिळाली नव्हती.

अधीक्षक वत्सला मॅडमनी संगणकचालक तौहिदला सर्व्हरचा लॉग, म्हणजे यंत्राची रोजनिशी, तपासायला सांगितला. तौहिदने काळ्या पडद्यावर नियमावलीतला शोधाचा हुकूम जसाच्या तसा टाइप केला: रिनाचं नाव, ती तारीख, दहापासून सहापर्यंत. उत्तर आलं, शून्य नोंदी.

"अर्ज झालेला नाही," मॅडम म्हणाल्या.

"मी आठेच बठेल व्हती, मॅडम. ह्या भाऊनीच अर्ज भरा," फुलवंताबाई तौहिदकडे बोट दाखवत म्हणाल्या.

तौहिदने वेळेची अट काढून पुन्हा शोधलं. नोंद सापडली. वेळ, पहाटे साडेपाच.

"मॅडम, सर्व्हर विलायतनी वेळ लिखस," तौहिद म्हणाला. "आपली घडी साडेपाच तास पुढे शे. हुकूममा एक ऑप्शन वाढावा ते अकरा दिसतीन."

"नियमावलीत आहे तो ऑप्शन?"

"नही."

"मग तो टाकणं म्हणजे शासकीय नोंदीत फेरफार. पहाटे साडेपाचला कार्यालय बंद असतं. बंद कार्यालयात अर्ज भरला गेला, याची चौकशी होईल."

चौकशी झाली. पहारेकरी रूपसिंगने कुलूप शाबूत होतं असा जबाब दिला. म्हणजे कुणीतरी कुलूप न तोडता आत शिरलं, काही न नेता उलट सर्व कागदपत्रांसह एक अर्ज भरून गेलं. अशा चोराला लावायला कलम सापडेना, आणि फाइल तर बंद करायची होती.

"यंत्राला सुधारण्याचे अधिकार आपल्याला नाहीत," मॅडमनी अखेर निर्णय दिला. "आपण आपल्याला सुधारू."

रूपसिंगने जबाब बदलून पहाटे पाचला कुलूप उघडल्याचं लिहून दिलं. तौहिदने आपण तेव्हा कामावर होतो असं लिहून दिलं. त्या वेळी डोंगरातून जीप सुटत नाही, म्हणून त्या दिवशी ती रात्रीच सोडल्याचा जीपवाल्या दिवाल्याचाही जबाब जोडला. मॅडमनी त्या दिवसाची कार्यालयीन वेळ पहाटे पाचपासून धरल्याचा आदेश काढला आणि स्वतःची पहाटेची हजेरी लावली. राहिल्या फुलवंताबाई.

"पण मी ते अकराले उनी."

"रिनाला प्रवेश हवा आहे ना?"

फुलवंताबाईंनी पेन हातात घेतलं. "मंग मी पहाटेच उनी," त्या म्हणाल्या आणि सही केली.

रिनाला प्रवेश मिळाला. कक्षाला पहाटेच्या तत्पर सेवेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं.

वाचकांना हसू आलं असेल, तर त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दाखल्यावरची जन्मतारीख बघावी. बहुतेक एक जून निघेल, शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी टाकलेली. आजी बिचारी सांगत राहिली, पोर थंडीत झालं म्हणून. आपण दर एक जूनला केक कापतो, आणि खरी तारीख विचारावी तर सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.